तणाचा खिसा

आमच्या ह्यांच्या कोटाला आतल्या बाजूनं एक खिसा आहे, तो मी शिवलेला. शिंपी जे खिसे लावून देतो ते रुमाल ठेवायला ठीक. तणाला पुरत नाहीत. म्हणून पोत्यासारखं जाड कापड आणून, कोपरापर्यंत हात जाईल इतका खोल खिसा मी लावला, दुहेरी दोऱ्यानं. शिवला मी, पण त्यात हात कधी घातला नाही. नवऱ्याचे खिसे चाचपणाऱ्या बायका मला पहिल्यापासून आवडत नाहीत. कोट धुवायला टाकायचा झाला की ते स्वतः खिसा उलटा करून, झटकून द्यायचे.

खिसा कशाला, तर हे चालता चालता तण उपटायचे. स्वतःच्या शेतातलं कोणीही उपटतं. हे जगाचं उपटायचे. लग्नाला गेलो की लोक नवरीकडे बघायचे आणि हे अंगणातल्या फरशीच्या फटी बघायचे. एकदा खाली वाकून बसले होते, तर नवरीचा काका धावत आला. "पाहुणे, काही हरवलं का?"

"माझं नाही, तुमचं," हे म्हणाले. "लक्ष." आणि मूठभर गवत खिशात घातलं. त्या घराशी आमचं जाणं-येणं तिथंच संपलं.

उपटलेलं तण बांधावर टाकायचं नाही, हा त्यांचा नियम. "बांधावर टाकलेलं तण मेल्याचं सोंग घेतं. पाठ फिरली की उठून बसतं," म्हणायचे. उपटायचं, खिशात घालायचं, घरी आणायचं आणि चुलीत घालायचं. त्यांच्या हातचं शेत बघायला लोक वाट वाकडी करून यायचे. मी दारात उभी असायची. कोणी म्हटलं, "काय स्वच्छ शेत हो तुमचं," तर मी म्हणायची, "मग काय, तुमच्यासारखं ठेवायचं?" लोकांना वाटायचं मी गर्विष्ठ. बरोबरच वाटायचं.

मग आमच्या खालच्या शेतात बंबाखू आला.

नाव ऐकून हसू येतं. बघितला की येत नाही. टोमॅटोच्या बुडाशी जमीन तडकते आणि फिकट पिवळा दांडा वर येतो, आजारी माणसाच्या बोटासारखा. त्याला पान नाही, कुठं हिरवा ठिपका नाही. वर निळसर फुलं. स्वतःचं अन्न स्वतः करायचं त्याला ठाऊकच नाही. मातीखाली टोमॅटोच्या मुळाला तोंड लावून बसलेला असतो. खत आपण घालायचं, पाणी आपण द्यायचं, जेवायचं त्यानं. आयत्या बिळावर नागोबा. आमच्या नात्यातही असे दोघं-तिघं आहेत, पण ते निदान जेवण झाल्यावर उठून जातात. हा झाड मेल्याशिवाय उठत नाही, आणि उठताना धुळीसारखं बी सोडून जातो. तपकिरीहून बारीक. एका बोंडात किती, ते मोजायला बसलं तर आयुष्य जाईल.

कुठून आला? भाड्याच्या ट्रॅक्टरच्या चाकाला चिखल असतो, विकत आणलेल्या रोपाला माती असते. घर लुटल्यावर दार कुठलं उघडं होतं हे विचारून काय होतं.

शेतीखात्याचा साहेब आला. अंगावर मांस नाही, हातापायाच्या नुसत्या काड्या, म्हणून मी त्याला काडीसाहेब म्हणते, तोंडावरसुद्धा. तो बिचारा हसतो. त्यानं दांडा उपटला, उलटासुलटा करून बघितला आणि हळूच पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं. डॉक्टर लोक वाईट बातमी सांगायच्या आधी चष्मा पुसतात ना, तसं.

"याला औषध नाही, बाई," म्हणाला.

"मग तुम्ही कशाला आलात?"

"औषध नाही हे सांगायला."

मग त्यानं सांगितलं: फूल यायच्या आत उपटा, उपटलेलं जाळा. दांड्याच्या शेंड्यावर तेलाचे दोन थेंब सोडा, दांडा कुजतो. उन्हाळ्यात जमिनीवर प्लास्टिक अंथरून माती भाजून काढा. टोमॅटो, वांगं बंद करा, मका लावा. आणि या शेतातली माती दुसऱ्या शेतात जाऊ देऊ नका, बुटालासुद्धा नाही, खुरप्यालासुद्धा नाही.

"मका किती वर्षं लावायचा?" मुलानं विचारलं.

"बी जमिनीत वाट बघत पडून राहतं. आपल्यापेक्षा जास्त जगतं ते."

"आपल्यापेक्षा म्हणजे तुमच्यापेक्षा की माझ्यापेक्षा?" मी विचारलं.

"दोघांपेक्षा, बाई."

उंटावरचा शहाणा म्हणून मी त्याची पाठ वळेपर्यंत टर उडवली. पण त्याचा शब्द न् शब्द खरा निघाला, आणि त्याचा मला अजून राग आहे.

केलं सगळं. तेलाची कुपी घेऊन मी आणि सून वाफ्यावाफ्यातून फिरलो. "आई, आपल्या भाजीत एवढं तेल कधी पडलं नाही," सून म्हणायची. मी म्हणायची, "तू पण मुळाला धरून बस, तुलाही घालते." हसायचो तेव्हा. प्लास्टिक अंथरलं, वाऱ्यानं फाटून ते तारांवर जाऊन लटकलं. मका लावला. मका छान आला, बंबाखूचं नावसुद्धा दिसेना. मुलाला वाटलं गेला. पुढं कोपऱ्यात चार टोमॅटो लावून बघितले, आणि चारींच्या बुडाशी बोटं वर. जसा काही जेवायला हाक मारायचीच वाट बघत होता.

मका लावून गुरं जगतात, माणसं जगत नाहीत, निदान आमच्याएवढ्या जमिनीत तरी नाही. आमची भाकरी टोमॅटोवर. सॉसचा कारखाना टोमॅटो उचलतो, मका उचलत नाही. आता राहिलं ओढ्यापलीकडचं वरचं शेत. ते स्वच्छ होतं.

मुलानं जेवता जेवता सांगितलं. त्याला मोठं बोलायचं असलं की तो ताटाकडे बघून बोलतो, लहानपणापासून. "आई, वरचं शेत स्वच्छ आहे तोवर मी इथं आहे. तिथं एक दांडा दिसला, तर मी कारखान्यात लागतो. तिथंच खोली घेऊ. मला जन्मभर तण उपटत बसायचं नाही."

"तुझ्या बापानं जन्मभर तेच केलं."

"म्हणून तर म्हणतो."

सून ताटात बोटानं रेघा ओढत बसली. मी म्हटलं, "तिथं दांडा येणार नाही. मी बसलेय."

आणि मी बसले. ओढ्यावर लाकडाची फळी टाकलेली आहे, तिच्या अलीकडे पाण्याचा टब ठेवला. खालचे गमबूट वेगळे, वरचे वेगळे. वरच्या खुरप्यांना लाल तार गुंडाळली. खालून येणारा प्रत्येक जण टबात बूट धुणार, ब्रशनं तळवे घासणार, बूट बदलणार, मग फळीवर पाय ठेवणार. काडीसाहेब आला तर त्यालाही धुवायला लावले. त्यानं मुकाट्यानं धुतले आणि म्हणाला, "तुमच्यासारखं एवढं कोणी करत नाही."

"म्हणून कोणाचं राहत नाही," मी म्हटलं.

सून म्हणाली, "आई, पाखरांनाही गमबूट घालायचे का?"

"घालू की. मापं तू घे."

शेजारीण आहे आमची, तिला सगळे भोंगा म्हणतात; कारखान्याचा भोंगा वाजायच्या आत तिची बातमी पोचलेली असते. ती फळीपाशी उभी राहून बडबडायची, "दवाखाना केलाय गं तू शेताचा." मी तिलाही पलीकडे येऊ दिलं नाही. तोंड धुवायला टब पुरला नसता.

याच काळात ह्यांचं विसरणं वाढलं. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. एकदा मुलगा घरात शिरला तर हे उठून उभे राहिले. "या पाहुणे, बसा. आमचा मुलगा येईलच इतक्यात." मुलगा पहिल्यांदा हसला. दुसऱ्यांदा हसला नाही. तिसऱ्यांदा तो आत आलाच नाही, मागच्या दारानं गेला.

मला ते "बाई" म्हणायला लागले. कधी "मालकीणबाई". मी लग्न होऊन आले तेव्हाही ते माझं नाव घेत नव्हते, त्यामुळे मला फारसा फरक पडला नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

पण हात विसरले नाहीत. पोराचं तोंड विसरलेला माणूस मिरचीचं रोप आणि त्याच्या शेजारी उगवलेलं तसंच दिसणारं तण बरोबर ओळखायचा. पिकाचं एक पान त्यांनी कधी चुकून तोडलं नाही. मला अभिमान वाटायचा. घरात एकटं कसं ठेवणार, म्हणून मी त्यांना माझ्याबरोबर वरच्या शेतात न्यायची. झाडाखाली टोमॅटोचं क्रेट पालथं घालून द्यायची. थोडा वेळ बसायचे, मग उठून सऱ्यांमधून चालत राहायचे. डावा पाय जरा ओढत. मध्ये एक धोंडा आहे, नांगराला न निघालेला; त्याला वळसा घालायचे, परत क्रेटवर.

पण वर तण नव्हतं. स्वच्छ शेतात ह्यांना करमायचं नाही. माझी पाठ फिरली की फळीवरून खाली जायचे. मी हाका मारत जायची, ते खालच्या शेतात ओणवे. हाताला धरून आणायची, टबापाशी बसवायची, बूट काढायची, ब्रशनं घासायची, पाय धुवायची, नखांतली माती काडीनं काढायची. ते म्हणायचे, "बाई, कोण कुठल्या तुम्ही, किती करता." मी म्हणायची, "गप्प बसा." दुसरे बूट घालायची आणि वर आणायची. माझ्याकडून एक दिवस चुकलं नाही. हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन.

त्या हंगामात वरचं शेत असं आलं की मुलगा शीळ घालायला लागला. सून म्हणाली, यंदा स्वयंपाकघराला नवी खिडकी करू. कारखान्याची गाडी भरून गेली, परत आली, परत भरून गेली. मी जेवताना मुलाकडे बघायची आणि काही बोलायची नाही. न बोलून जिंकण्यात मजा असते.

पुढच्या लागवडीला रोपं कमरेला आली, फळ धरलं, आणि एका सकाळी मला धोंड्यापाशी जमीन तडकलेली दिसली.

मी वाकले. बोट होतं.

पुढं आणखी एक. मग आणखी. शेतभर नाही, हे लगेच लक्षात आलं. एका सरीतून सरळ रेघ गेली होती, धोंड्यापाशी वळली होती आणि झाडाकडे निघाली होती. रेघेच्या डाव्या अंगाला दांडे जरा पसरलेले, जसा काही कोणी पाय ओढत गेला असावा. क्रेट होतं तिथं तर घोळकाच उभा होता. मी त्या रेघेवरून डोळ्यांनी चालत गेले आणि शेवटी हे बसले होते. झाडाखाली, कोट घालून.

मी जवळ गेले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या खिशात हात घातला. कोपरापर्यंत. वाळलेले दांडे होते, चुरा झालेले. मागच्या हंगामातले, त्याच्याही मागचे. तळाशी मऊ धूळ. बोटं आरपार निघाली. माझा टाका उसवला नव्हता; टाके जसेच्या तसे होते. कापड विरलं होतं.

उपटायचं त्यांच्या लक्षात राहिलं. खिशात घालायचं लक्षात राहिलं. चूल तेवढी विसरली. आणि मी त्यांच्या पायांची नखं कोरत बसले होते.

"काय शोधताय, बाई?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. बसा."

त्या दिवसापासून मुलगा यायच्या आत मी शेतात. दांडे उपटायचे, ओच्यात घ्यायचे, घरी येऊन चुलीत घालायचे. हातानं निघत नव्हते त्यांच्यावर तेल. वरून उपटला तरी खाली तो मुळाला धरून असतोच. चार काढले की आठ. तरी मी काढत होते. आशा होती म्हणून नाही. स्वच्छ शेताची सवय होती म्हणून.

मग टोमॅटोनं माना टाकल्या. पाणी असून माना टाकल्या. हे लपवता येत नाही.

मुलगा सरीत उभा राहिला. खाली बसला. एक दांडा माझ्या हातून राहिला होता, फुलावर आलेला. त्यानं तो उपटला नाही.

"कोणी आणलं?"

हे क्रेटवर बसून त्याच्याकडे बघत होते, पाहुण्याकडे बघतात तसे, आदबीनं. मुलाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं.

"मी," मी म्हटलं.

"तू?"

"घाईत होते एकदा. बूट बदलले नाहीत."

"तू बूट बदलले नाहीस?" तो उठला. "आम्हाला ब्रशनं तळवे घासायला लावलेस. सासऱ्यांना लावलेस, भर पाहुण्यारावळ्यांत. आणि तू बूट बदलले नाहीस?"

"नाही बदलले. मारतोस का आता?"

त्यानं विश्वास ठेवला. मला वाटलं होतं ठेवणार नाही. एवढी वर्षं ज्या बाईनं भाजीतलं मीठ जास्त झालं हेसुद्धा कबूल केलं नाही, ती एका दमात कबूल करते म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय, एवढं तरी त्याला कळेल. कळलं नाही. रागावलेल्या माणसाला सोपं उत्तर मिळालं की तो दुसरं शोधत नाही. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यास, आई," एवढंच म्हणाला आणि गेला. फळीवरून गेला, बूट न बदलता.

दोन्हीकडचं तण एकच झालं होतं. बदलून करायचं काय?

सामान बांधताना सून माझ्या खोलीत आली. खुंटीवरच्या कोटाकडे बघत उभी राहिली.

"आई, मी बघितलाय तो खिसा."

"मग?"

"मग काही नाही."

"नवऱ्याला सांगणार?"

"तुम्ही सांगितलंय ना काय ते." तिनं माझे हात हातात घेतले. मला असलं काही आवडत नाही, पण सोडवून घेतले नाहीत. "कोट जाळून टाका, आई."

"जा आता. गाडी थांबली असेल."

मुलानं ह्यांना वाकून नमस्कार केला. हे म्हणाले, "परत या हं, पाहुणे." तो म्हणाला, "येतो."

भोंगा आलीच. "ऐकलं ते खरं का गं? कुंपणानंच शेत खाल्लं म्हणे?"

"खाल्लं. भूक लागली होती कुंपणाला. तुला काय हवंय?"

तिला काय हवं होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं. फळीकडे बघितलं आणि गेली.

काडीसाहेबही येऊन गेला. दोन्ही शेतांतून फिरला. या वेळी पिशवीही काढली नाही. निघताना टबापाशी वाकून बूट धुवायला लागला. मी म्हटलं, "अहो, आता कशाला?"

"मला पुढं दुसऱ्यांच्या शेतात जायचंय, बाई," तो म्हणाला. मग मी ब्रश आणून दिला.

कोट मी लपवून बघितला. दुसरा चांगला कोट घातला ह्यांना, दिसायला त्याच रंगाचा. ते शेतात गेले, मूठभर दांडे उपटले आणि हात आतल्या बाजूला नेला. खिसा नव्हता. परत नेला. मग तशीच मूठ घट्ट धरून उभे राहिले. घरी आणलं तरी मूठ सोडेनात. जेवण मी भरवलं. ते घास गिळत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आवाज न करता. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. बोटं उघडायला गेले तर म्हणाले, "इथं टाकू नका. बांधावर टाकू नका."

जुना कोट काढून घातला. खिशाला नवं कापड लावलं, दुहेरी, दुहेरी दोऱ्यानं. रोज चुलीपाशी मीच तो उलटा करते. आता उशीर झालाय, पण जळताना तडतडतं ते ऐकायला बरं वाटतं.

दोन्ही शेतांत काही लावलेलं नाही. टोमॅटो नाही म्हणून बंबाखूही दिसत नाही, खाली पडून आहे वाट बघत. त्याला घाई नाही. वर बाकीचं सगळं तण माजलंय, गुडघ्याएवढं. हे खूश असतात. सकाळी जातात, ओळीनं उपटत सुटतात, खिसा भरला की माझ्यापाशी येतात. मी पालथ्या क्रेटवर बसलेली असते. मागं वळून बघावं तर उपटलेल्या जागी पुन्हा उगवलेलं असतं. ते मागं वळून बघत नाहीत.

काल असेच आले. पाठ सरळ केली, शेतावरून नजर फिरवली, मग माझ्याकडे बघितलं. नवरीच्या काकाकडे बघितलं होतं तसंच.

"हे शेत तुमचं का, मालकीणबाई?"

"हो."

"जमीन चांगली आहे हो. पण तण फार. लक्ष नाही तुमचं."

कोणाची टाप नव्हती मला असं म्हणायची. उत्तर जिभेवर आलं होतं.

"नाही हो," मी म्हटलं. "लक्ष नव्हतं."

त्यांनी मान हलवली आणि पुढची सरी धरली.